चेंबरभोवतीच रस्ता का खचतो? दोष पावसाचा नाही, भरावाचा

मुरूमखडी:
गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यात आमच्या गल्लीत पावसाळी गटाराचं काम झालं आणि जुलैत सातही चेंबरभोवती खोलगट कडं पडलं. जो तो पावसाला बोल लावतोय, मला ते पटत नाही. चेंबर काँक्रीटच्या तळावर बसलेलं असतं, ते हलत नाही. बसतो तो भोवतीचा दीड-दोन फुटांचा भराव. तिथे रोलर पोचत नाही, म्हणून १५-२० सेंटिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसाने नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकावा लागतो. आमच्याकडे खणलेलीच माती एका दमात ढकलली आणि वरून टँकरचं पाणी सोडलं. पाण्याने वाळू बसते हो, चिकणमाती नाही!

पाणवाट:
अर्धंच खरं. नीट ठोकलेला भरावही खचलेला मी पाहिलाय. पाइप चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथला सांधा कच्चा राहिला की मातीतलं पाणी त्या फटीतून आत येतं, येताना बारीक माती घेऊन येतं. वरचं डांबर शाबूत दिसतं आणि खाली पोकळी वाढत जाते. मग एखाद्या ट्रकचं चाक पडायचा अवकाश. तिथे कितीही ठोका, सांधा भरल्याशिवाय उपयोग नाही.

रेगूर:
काळ्या मातीला दोघंही विसरलात. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. चेंबर जागच्या जागी आणि रस्ता वरखाली. खणलेली काळी माती परत भरूच नये, मुरूम आणावा.
आणि जुना थर न खरवडता डांबर चढवल्यामुळे झाकण खाली राहतं, त्याला कृपया खचणं म्हणू नका.

मुरूमखडी:
मुरमाचं मान्य. पण पाणवाट, आमची कडी चारही बाजूंनी सारखी होती आणि झाकण उघडलं तर तळाशी गाळ नव्हता. माती आत गेली असती तर दिसली नसती?

पाणवाट:
भर पावसात गाळ टिकतो कुठे, वाहून जातो. बॅटरी मारून पाइपाच्या तोंडाशी बघा. बुजवलेला खड्डा त्याच जागी पुन्हा पडला का, तेही सांगा.

मुरूमखडी:
आज बघून आलो. सगळे दिवाळीनंतर बुजवले होते. सहा जसेच्या तसे आहेत. कोपऱ्यावरचा पुन्हा खचलाय, फक्त पाइपाच्या बाजूने, आणि आत सांध्यात बोट जाईल एवढी फट आहे. तो तुमचा. बाकीचे सहा भरावाचेच, यावर मी ठाम आहे.