बचत गटाची हळद ऑनलाइन विकायची आहे (सांगली): वेबसाइटला ४५ हजार घालावेत का?

हळकुंड_मिरज विचारते:

नमस्कार मंडळी. मिरज तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा हिशोब आणि विक्री माझ्याकडे आहे. १२ जणी आहेत, त्यातल्या बऱ्याच एकल महिला. हळद गटातल्या चौघींच्या रानातली आणि थोडी शेजारची. शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि दळण सगळं गावातच होतं. ५०० ग्रॅमची पारदर्शक पुडी करतो. विक्री आजवर प्रदर्शनांत आणि ओळखीपाळखीत.

एका वेबसाइटवाल्याने ४५ हजार सांगितलेत. डोमेन (वेबसाइटचं नाव-पत्ता), होस्टिंग (ती ठेवायची इंटरनेटवरची जागा), ऑनलाइन पेमेंट सगळं तोच बघणार म्हणतो. अध्यक्षाबाई म्हणतात देऊन टाकू, एकदाचं होऊन जाईल. मला धीर होत नाही. दुसरं असं, की 'एकल महिलांचा उपक्रम' हे पुढं करावं का? लोक दया म्हणून एकदा घेतात आणि परत फिरकत नाहीत, अशी भीती वाटते.

कृष्णाकाठ:

ताई, ४५ हजार सध्या खात्यातच राहू द्या. तुमचा माल एकच आहे आणि गिऱ्हाईक आधी फोनवर बोलूनच घेणार आहे. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात: ही माणसं खरंच आहेत का, आणि मागवायचं कसं. दोन्हीची सोय जवळपास फुकट होते.

सुरुवात नंबरापासून करा. नवीन सिम घ्या आणि ते फक्त गटाच्या कामाला ठेवा. कुणाच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या नंबरावर धंदा उभा केला, की पदाधिकारी बदलल्यावर नंबर त्यांच्या घरात राहतो आणि सगळी गिऱ्हाइकं त्याच्यासोबत जातात. रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. त्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लगेच टाका. पिन गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वजनाची वेगळी नोंद हवी, किंमत लिहिलेली हवी. 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. 'पाठवलं तर सगळ्यांना, उत्तर एकाचंही नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या पावतीवरच 'हा नंबर सेव्ह करा, नव्या हळदीची खबर देऊ' असं छापा. एकदम हजारोंना निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा, नंबर कायमचा बंद होतो.

मग गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद. इथं लोक हमखास दोन चुका करतात. पहिली नावाची: नावाच्या रकान्यात पाटीवर आणि पुडीवर आहे तेवढंच नाव लिहायचं. 'अमुक महिला गट शुद्ध सांगली हळद होलसेल' असं लांबवलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना नाकीनऊ येतात. दुसरी चूक सेवाक्षेत्राची. ती यादी तुम्ही स्वतः जाऊन माल पोचवता त्या भागाची असते. कुरिअरने पुण्याला जातं म्हणून पुणे टाकायचं नाही. नुसत्या ऑनलाइन धंद्याला हे प्रोफाइल मिळतच नाही. पण तुमच्या दळणाच्या जागी लोक येऊन माल नेऊ शकतात, त्यामुळे तो पत्ता आणि खऱ्या वेळा द्या. पडताळणीला आता बहुतेक व्हिडिओ मागतात. रस्ता आणि पाटी, मग आतली चक्की किंवा पॅकिंगचं टेबल, मग कुलूप उघडताना किंवा गटाचा कागद दाखवताना, असं सगळं एका सलग चित्रीकरणात. मध्ये कापाकापी केली की नामंजूर.

डोमेन_दादा:

वरच्याशी बराचसा सहमत, पण 'वेबसाइट नंतर' याचा अर्थ 'डोमेन नंतर' असा घेऊ नका. डोमेन आजच घ्या. वर्षाला साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, नूतनीकरणाचा बघून घ्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही सगळी भाड्याची जागा आहे, मालक कधी कुलूप लावेल सांगता येत नाही.

'डोमेन तोच बघणार' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. डोमेन गटाच्या ईमेलने आणि गटाच्या खात्यातून पैसे भरूनच घ्यायचं. वेबसाइटवाल्याच्या खात्यात असलं, की पुढच्या वर्षी तो १५ हजार मागो नाही तर फोनच न उचलो, तुमच्या हातात काही नसतं. ईमेलची परत मिळवण्याची सोय दोन जणींच्या फोनवर ठेवा. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या पानालाही दोन ॲडमिन ठेवा. 'तुमच्या पानाविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आली आहे, इथे दाबा' असा मेसेज येतो, त्यावर निळी खूणसुद्धा असते. तो चोराचा असतो.

डोमेनवर सध्या एकच पान लावा: काय विकता, किती ग्रॅम किती रुपये, कुठे पाठवता, किती दिवसांत पोचतं, फोन, पत्ता, आणि व्हॉट्सॲपवर थेट चॅट उघडणारं बटण. ऑनलाइन पेमेंटची घाई नको. गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, शिवाय पॅन आणि बँक खातं एकाच नावाचं मागतो. गटाच्या खात्याला जोडलेला यूपीआयचा क्यूआर पुरे. पैसे आले का ते बँकेच्या मेसेजवरून बघा, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

आणखी एक. मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर सारखं दिसणारं मराठी टायपिंग) टाइप करून घ्या. फ्लेक्सवाल्याकडची फाइल बहुधा जुन्या फॉन्टमधली असते. ती वेबवर चिकटवली की नुसता गिचमीड कचरा दिसतो. मग लोक वैतागून मजकुराचं चित्रच टाकतात, आणि चित्रातलं मराठी शोधात नीट सापडत नाही. पानाच्या शीर्षकात 'सांगली हळद' मराठीतून आणि रोमन लिपीतूनही येऊ द्या. शोधणारे बरेचदा रोमनमध्येच टाइप करतात, आणि हळदीला हिंदी-इंग्रजीतली नावंही वापरतात.

वाईचा_वाचक:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

'महिला सक्षमीकरणासाठी हळद घ्या' असं लिहिलं तर भीती खरी ठरेल. तेच तपासता येईल असं लिहिलं तर लोक परत येतात. दर पुडीमागे हळद पिकवणारीला किती, शिजवणं-वाळवणं-दळण याची मजुरी किती, पुडी आणि लेबल किती, गटाच्या निधीत किती, ही फोड रुपयांत पानावर टाका. वर्षातून एकदा आकडे बदला आणि तारीख घाला. त्या ओळी वाचणाऱ्याला दया वगैरे येत नाही, हिशोब पटतो. आणि क्रम असा ठेवा: आधी हळद कशी आहे, मग ती कुणी केली. चव आणि रंग पटला तर पुढची गोष्ट वाचली जाते, उलट क्रमाने केलं तर पहिली पुडी मदत ठरते.

बायकांचे फोटो टाकताना लेखी संमती घ्या आणि 'नको' म्हणायची मोकळीक खरोखरची ठेवा. कुणाचा नवरा कधी गेला, कर्ज किती, हे पोस्टमध्ये येता कामा नये. गावातलं कुणीही ते वाचतं. काम करणारे हात, शिजवायची काईल, वाळवणीचं खळं, पॉलिशचा ड्रम, हे फोटो जास्त सांगतात. हळद निघते जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हाच वर्षभर पुरेल एवढं चित्रीकरण करून ठेवा. जुलैत पावसात काय दाखवणार? वाळवण दहा-पंधरा दिवस चालतं, तेवढ्यात रोज एक छोटा तुकडा घेतला तरी ढीग होतो.

जाता जाता: हरिपूरच्या पेवांचे (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचे) फोटो इंटरनेटवरून उचलून टाकू नका. तुमची हळद पेवात ठेवली जात नसेल तर ते खोटं आहे, आणि सांगलीचा माणूस लगेच ओळखतो. दुकानाच्या पानावर 'देणगी द्या' असंही लिहू नका. गट म्हणजे धर्मादाय ट्रस्ट नव्हे. विक्री वेगळी, देणगी वेगळी.

हळकुंड_मिरज:

खूप आभार सगळ्यांचे. नंबर आणि डोमेनचं आजच सांगते अध्यक्षाबाईंना. दोन अडचणी अजून. फोटोत हळद एक तर हिरवट येते, नाही तर नुसता सपाट पिवळा गोळा दिसतो. आणि कागवाड, अथणीकडून विचारणा येतात, ते तर आम्हाला तासगावइतकेच जवळ. त्यांना पाठवायला काही अडचण आहे का?

फोटोवाला_सातारा:

चौकट पिवळ्याने भरली की मोबाइल 'प्रकाशच पिवळा आहे' असं समजतो आणि निळा रंग मिसळतो, म्हणून हिरवट. उपाय असा: पांढरा कागद किंवा पांढरी चिनी मातीची वाटी (स्टीलची नव्हे) चौकटीत ठेवा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) एका आकड्यावर पक्का करा, म्हणजे सगळ्या फोटोंत रंग एकच येईल. सपाट गोळा दिसतो तो प्रकाश जास्त झाल्यामुळे. पिवळा रंग फुटतो आणि भुकटीचा कण दिसेनासा होतो. पडद्यावर बोट दाबून उजेड एक पायरी खाली ओढा. उन्हात काढू नका, उत्तरेकडच्या खिडकीजवळ सकाळी दहाच्या सुमारास काढा, प्रकाश बाजूने येऊ द्या. ट्यूबलाइट आणि खिडकी एकत्र नको. शेजारी दोन-तीन हळकुंडं, एक मोडलेलं, आतला केशरी रंग दिसेल असं.

फोटो एकमेकींना व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाही तर दर खेपेला दाबला जाऊन मऊ होतो. वेबसाइटवर १२०० पिक्सेल रुंदी आणि २०० केबीच्या आत. तासगाव-जतकडे कमी रेंजमध्ये पान उघडलं पाहिजे.

कागदपत्र_काका:

कागवाड म्हैसाळच्या पलीकडे असलं तरी कर्नाटकात, म्हणजे परराज्यात आहे, आणि अथणीही. राज्याच्या आत वस्तूंची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण कर लागू असलेला माल एका पुडीनेही दुसऱ्या राज्यात विकायचा तर आधी नोंदणी हवी, उलाढाल कितीही असो. हळद पावडरीवर ५ टक्के आहे. तेव्हा नोंदणी होईपर्यंत पानावर स्पष्ट लिहा: 'सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवतो'. अथणीचं गिऱ्हाईक मिरजेला येऊन तुमच्या काउंटरवरून नेत असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं झालं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विनानोंदणी विकता येतं, फक्त जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आता लेबल, कारण ऑनलाइन फोटो टाकला की ते सगळ्यांना दिसतं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, दर ग्रॅमची किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीचा फोन आणि ईमेल. पॅकिंगचा महिना सोडला तर हेच सगळं वेबपानावरही लागतं. वैधमापन (वजन-मापे) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची राहिली असेल तर ती आधी करा.

तीन शब्द जपून. 'सेंद्रिय' लिहायला पीजीएस-इंडिया किंवा एनपीओपी या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र मिळवा. फवारणीच केली नसेल पण प्रमाणपत्र नसेल, तर शेतात काय वापरलं आणि काय नाही ते वाक्यात लिहा. 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकनाचं चिन्ह छापायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लावावं लागतं, नुसतं सांगलीत पिकलं म्हणून चिन्ह लावता येत नाही. आणि 'मधुमेह, कॅन्सर बरा' असलं काही चुकूनही नको. त्यापेक्षा एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून त्या लॉटचं कुरक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) आणि शिसं तपासून अहवालाचा फोटो टाका. हळदीत भेसळीला वापरतात त्यातला एक पिवळा रंग म्हणजे लेड क्रोमेट, त्यात शिसं असतं. शिशाचा आकडा दाखवणारे लहान विक्रेते फार कमी आहेत.

पार्सलचं: ५०० ग्रॅमची पुडी बंद करून ५५०-५८० ग्रॅम भरते. दर बहुतेक ५०० ग्रॅमच्या टप्प्याने असतात, म्हणजे तुम्ही एक किलोचं भाडं देता. ४५० ग्रॅमची पुडी करा. एक पुडी कुरिअरच्या पिशवीत ५०० च्या आत बसते, दोन पुड्या खोक्यात एक किलोच्या आत. वजन मोठ्या अक्षरात छापा, नाही तर '५० ग्रॅम मारले' म्हणतील. खोकं मोठं घेऊ नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. २५×२०×१५ चं खोकं रिकामं असलं तरी दीड किलो धरलं जातं. पारदर्शक पुडी बंद करा, उजेडात हळदीचा रंग उडतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या. भरताना नरसाळं वापरा, वर चार सेंटिमीटर जागा सोडा, आणि सीलच्या जागेवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसूनच यंत्र चालवा. धूळ राहिली की सील वाटेत सुटतं आणि शेजारच्या माणसाचं पार्सलही पिवळं होतं.

कृष्णाकाठ:

काकांनी सांगितलेलं ४५० ग्रॅमचं ठरलं तर कॅटलॉग, गूगल आणि वेबपान तिन्हीकडे एकाच दिवशी बदला. एका ठिकाणी ५०० राहिलं की भांडण तिथूनच सुरू होतं. अभिप्राय मागताना 'पाच तारे द्या, पुढच्या पुडीला सूट' असं करू नका, गूगल ते काढून टाकतं. पार्सल पोचल्यावर आठवड्याने, पहिली भाजी झाल्यावर, लिंक पाठवा. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं?' विचारून व्हॉट्सॲपमध्ये लेबल लावा: गूगल, इन्स्टा, प्रदर्शन, ओळख. सहा महिन्यांनी लेबलं मोजा. गूगल आणि वेबपानाकडून खरोखर माणसं येत असतील, तर मग त्या ४५ हजारांचा विषय अध्यक्षाबाईंपुढे पुन्हा काढा. तेव्हाही तीन जणांकडून दर घ्या.