घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आया पोरांना "कोंडून ठेवतात" म्हणे. एकदा बोलूच या

मालाडची_आई
परवा इथे एका सरांनी लिहिलं की होमस्कूलिंग करणाऱ्या ख्रिस्ती आया म्हणजे अमेरिकेतले व्हिडिओ बघून भरकटलेल्या बायका, पोरांना घरात कोंडून ठेवतात, आणि ज्या समाजाने या देशात शाळा उभ्या केल्या त्याच समाजातल्या बायकांनी शाळेकडे पाठ फिरवावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. खाली सगळ्यांचं आमेन आमेन. तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून सविस्तर लिहिते.

माझी दोन्ही मुलं घरीच शिकतात. वन बीएचके, सासूबाई आमच्यातच, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. सरांना उत्तर द्यायचंच आहे पण त्याआधी ज्या आत्ता सुरुवात करतायत आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडतायत की आपण लेकरांचं वाटोळं तर करत नाही ना, त्यांच्यासाठी. नाही करत गं तुम्ही. फक्त घरात शाळा भरवायला जाऊ नका, तिथेच सगळ्या थकतात. वर्गभर पोरं सांभाळण्यात, हजेरी घेण्यात शाळेचा जो वेळ जातो तो तुमचा जात नाही. लहान मुलाला पंधरा-वीस मिनिटांचा धडा पुरे, मग उठू दे त्याला. इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन बाई (१८४२-१९२३) हेच सांगून गेल्या, धडे छोटे ठेवा, पुस्तकं चांगली द्या, आणि वाचून झालं की मुलाला त्याच्या शब्दांत सांगू दे. वर्कबुकचा ढीग लागत नाही. आमचा धाकटा मी कणीक मळत असताना ओट्याला टेकून बायबलातल्या छोट्या शमुवेलाची गोष्ट सांगतो, याजक एलीचा म्हातारा आवाज काढून, आणि मधेच थांबून विचारतो की शमुवेलाने तीनदा झोपमोड केली तरी एली ओरडला कसा नाही? त्या एका प्रश्नावर आमची अख्खी सकाळ गेली, गणित दुपारी केलं, काही बिघडलं नाही.

मोठ्या मुलांना दिवसातला थोडा वेळ एकेकट्याला द्या. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना, तिला १९ मुलं झाली, त्यातली १० जगली, तरी आठवड्यात प्रत्येकासाठी तिची वेगळी वेळ होती, जॉनची गुरुवारी संध्याकाळी. आणि सगळे विषय रोज घ्यायलाच हवेत असं कुठे लिहिलंय? इतिहास, चित्रकला, विज्ञान पाळीपाळीने घ्या, आज राहिलं ते उद्या पहिलं. महिन्यातनं एकदा कान्हेरी नाहीतर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, डबा घेऊन. कोंडून ठेवणं हेच का सर?

मास्तर_विरार
मीच तो. नोकरीची सगळी वर्षं शाळेत घालवली त्यामुळे बोलण्याचा हक्क आहे. १८२४ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली तेव्हा लोक पोरी पाठवायला तयार नव्हते. नगरला सिंथिया फरारबाईंकडे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले. हा आपला वारसा आहे ताई. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमची पोरं तरतील. पण तुमचं बघून जी बाई स्वतः नववी पास आहे ती पण पोरगी घरी ठेवेल, भांडी घासायला लावेल आणि त्याला होमस्कूलिंग म्हणेल, मी अशी पोरगी पाहिलेली आहे, चौदाव्या वर्षी तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं स्पष्ट लिहिलंय.

नायगावची_सून
सर कर्तव्य लिहिलंय पण पालकाला शिक्षा कुठेही लिहिलेली नाही, हे पण सांगा की. आणि माझ्या मुलाचं ऐका. आपल्याच लोकांच्या शाळेत होता, नाव घेत नाही. जरा तोतरा बोलायचा, वर्गात बाईच नक्कल करायच्या आणि पोरं हसायची. दुसरीत पोरगं घरी येऊन बोलायचंच बंद झालं. घरी आणला, आता रोज सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, अडखळतो, पण वाचतो. वारसा वारसा काय करताय, माझं पोरगं मुकं झालं होतं तिथे!!

वारसाच हवा असेल तर पंडिता रमाबाई घ्या. कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईने जंगलातल्या आश्रमात संस्कृत शिकवलं आणि १८७८ ला कलकत्त्याने पंडिता म्हणून मान दिला.

मास्तर_विरार
आणि त्याच रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. शाळा काढली. घरी शिकणं पुरतं असं वाटलं असतं तर कशाला काढली असती? मुलाचं ऐकून वाईट वाटलं, त्या बाईंना वर्गात उभं करायला नको. पण एक बाई वाईट म्हणून शाळा वाईट होत नाही.

उत्तनकर
तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून भांडताय. घरी शिकवा नाहीतर शाळेत, शिकवता कशातून? माझ्या भाचीने अमेरिकेहून खोकाभर पुस्तकं मागवली, ख्रिस्ती अभ्यासक्रम म्हणून. पोराला थँक्सगिव्हिंग पाठ, फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा, वजन पाउंडात. आणि आजीने बायबल पुढे केलं तर अक्षर लागत नाही त्याला. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आला आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण मराठीत दिलं, रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, आपले फादर दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि आपल्या घरातली पोरं रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं रोमन अक्षरात लिहून गातात.

बांद्रा_ईस्ट
काका प्रत्येक धाग्यात मराठी आणता. पोरांना नोकरी इंग्रजीवर मिळते, भजनावर नाही.

उत्तनकर
आणणारच. नोकरी इंग्रजीवर मिळू दे की, मी कुठे नको म्हणतो. आई मरायला टेकली की तिच्याजवळ बसून प्रार्थना कुठल्या भाषेत करणार तो पोरगा? माझ्या थोरल्या भावाच्या वेळी नातवंडं कॉटभोवती उभी होती आणि "आमच्या स्वर्गातील पित्या" एकालाही पूर्ण येईना. मी एकटा म्हणत होतो.

बांद्रा_ईस्ट
भावनिक ब्लॅकमेल आहे हे. माझी पोरं इंग्रजीत प्रार्थना करतात, देवाला कळते.

नायगावची_सून
देवाला कळते हो, आजीला कळत नाही. काकांचा सूर मला पण टोचतो पण इथे ते बरोबर आहेत. आणि घरी शिकवणाऱ्यांना तर हे शाळेपेक्षा सोपं आहे. आमच्याकडे आजीच मराठीची बाई. ती उपासना संगीत या आपल्या भजनांच्या पुस्तकातलं एक कडवं सांगते, पोरगा उतरवून घेतो, ऱ्हस्वदीर्घ चुकलं की आजीच कान पकडते. मला तेवढ्या वेळात भाजी निवडून होते.

मालाडची_आई
काका, परदेशी खोकं महागही पडतं आणि अर्धं इथे लागूही होत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, तीच घ्या, बायबल तुमचं तुम्ही जोडा. पण काका आणि सर, एक विचारते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसता, वाटेने चालता, निजता उठता मुलांना शिकवा म्हटलंय ते फक्त आईला म्हटलंय का? इथे सगळे पुरुष आम्हाला काय चुकतंय ते सांगतायत. रात्री दहाला नवरा येतो आणि विचारतो आज काय शिकवलंस. स्वतः एक पाढा घेत नाही. आयांना कौतुकाचे मेसेज नकोत, कोणीतरी तासभर मुलं सांभाळा, आम्ही आंघोळ शांतपणे करू.

मास्तर_विरार
नवऱ्याचं खरं आहे, त्यावर वाद नाही. आणि शिकलेली, मन लावणारी आई पाचवी-सहावीपर्यंत घरी चांगलं शिकवू शकते, एवढं मी सोडतो, तेवढंच. दहावीचं काय? बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला गेलात तर शाळा सोडल्याचा दाखला मागतील. प्रयोग कुठे करणार, गॅसच्या शेगडीवर?

मालाडची_आई
एनआयओएस, सर, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, किमान पाच विषय आणि त्यात एक तरी भाषा, माध्यम मराठीसुद्धा आहे काका. पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे दोन विषय आत्ता दोन पुढच्या वेळी असं करता येतं, एका मार्चवर जीव टांगायला नको. विज्ञानाचे प्रयोग त्यांच्या अभ्यासकेंद्रावर. कागदपत्रं आधीपासून जपा, जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच असू दे, आपल्यात आडनावांचे फार घोळ असतात, एकीकडे डिसोझा एकीकडे डिसूझा.

मास्तर_विरार
पाच विषय म्हणजे गणित टाळणारे टाळतील.

नायगावची_सून
मग तुम्ही शिकवा ना सर, विरार-नायगाव किती लांब आहे. खरंच विचारतेय. आमच्या इकडे चार घरं आहेत, शनिवारी एकत्र बसतो, बीजगणित कोणालाच धड येत नाही.

मास्तर_विरार
शनिवारी दुपारी तीननंतर. पोरांनी पाढे पाठ करून यायचं, तीसपर्यंत. आणि होमस्कूलिंगला माझा पाठिंबा आहे असं कोणी इथे लिहू नये.

उत्तनकर
सर, पाढे मराठीत.