दोन खुडूक कोंबड्या, ४० गिरिराजा पिल्लं आणि जुलैचा पाऊस: कोंबडीखाली सोडू की बल्बखाली?

मलप्रभाकाठ
गाव खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. दोन गावठी कोंबड्या चार दिवसांपासून खुडूक आहेत, म्हणजे अंडी उबवायला बसल्यात. पुढच्या आठवड्यात एक दिवसाची ४० गिरिराजा जातीची पिल्लं येणार. पावसात रात्रीचा करंट चार-चार तास जातो, म्हणून बल्बवर भरवसा वाटत नाही. दोघींखाली वाटून सोडली तर चालतील काय? नाहीतर रात्री कोळशाची शेगडी ठेवू?

बुट्टीभर
नाही मावत ओ. गावठी कोंबडी १०-१२ अंडी झाकते, पहिल्या दिवशी पिल्लंही तेवढीच. पण गिरिराजा वाढीला तेज. दुसऱ्या आठवड्यात अर्धी पंखाबाहेर राहतात आणि तुमच्याकडच्या पावसात बाहेर राहिलेलं पिल्लू सकाळी हाताला गार लागतं. कोंबडीमागं १० धरा. म्हणजे २० पिल्लं कोंबड्यांकडे, २० बल्बला. बल्ब लावणं टळतच नाही, तर मग ४० ला एकदमच लावा, खर्च तेवढाच.

पत्रा किंवा जाड पुठ्ठा दीड फूट उंच, १६ फूट लांब घ्या. गोल केला की आतला व्यास पाच फूट होतो, ४० पिल्लांना सुरुवातीला पुरतो. कोपरा ठेवू नका. गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली दोन इंच भाताचं तूस. मिलमध्ये नीट सांगा, कोंडा नको. तो ओल धरतो आणि पिल्लं तोच खात बसतात. तुसावर पहिले दोन-तीन दिवस कागद.

बल्ब पिल्लामागं दोन वॅट, म्हणजे ८० वॅट. तुमच्या गारव्याला ६० चे दोन लावा. एक उडाला तर दुसरा राहतो. दुकानात तारेचा पिवळा बल्ब म्हणून मागा, एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जमिनीपासून एक ते दीड फुटावर, वायरला नव्हे तर साखळीला टांगा. तूस लगेच पेट घेतं. पिल्लं यायच्या आधी चार तास चालू करा, तूस आतून कोमट लागलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी, तेवढा बल्ब वर घ्या. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट म्हणजे थंडी, पत्र्याला चिकटून चोच उघडी, पंख सैल म्हणजे उष्णता जास्त, सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय. पसरून, काही खाताहेत, काही आडवी झोपलीत, मग हात लावू नका.

निपाणीकर
वरच्या पत्रा-बल्बच्या मांडणीशी सहमत, पण २० पिल्लं कोंबड्यांकडे द्यायचा प्रयत्न करायला हरकत काय? पिल्लं येतील तेव्हा त्या ११ दिवस बसलेल्या असतील. कोंबडी जितके दिवस बसली तितकी पिल्लं घ्यायची खात्री जास्त. ११ दिवसांवर काही घेतात, काही टोचतात.

अंधार पडल्यावर करायचं. हात उताणा करून छातीखाली घाला, एक अंडं काढा आणि त्याच हातानं एक पिल्लू सरकवा. ती घशात कुरकुरेल, करू द्या. पहिल्या रात्री दोनच. पहाटे बघा: मान खाली घालून हळू कुकुक करते आहे तर पुढच्या रात्री बाकीची. डोक्याच्या मागं रक्ताचा ठिपका दिसला की लगेच काढा, ती कोंबडी घेणार नाही. पिल्लू दोन दिवसांच्या आतलं हवं. तीन-चार दिवस बल्बखाली राहिलेलं तिच्या हाकेला येत नाही.

तूसमका
हरकत लसीची आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची चौदाव्याला. कुपी १०० डोसची, कालवली की दोन तासांत संपवायची. ४० पिल्लं एका पत्र्यात असली तर पंधरा मिनिटांचं काम. २० अंगणात कोंबडीमागं असतील तर त्या दिवशी धरण्यातच सकाळ जाते. शिवाय मोठ्या कोंबडीकडून उवा आणि रक्ती हगवणीचे जंतू पिल्लांत येतात.

शेगडीचं: बंद खोलीत कोळसा ठेवू नका. धूर दिसत नसला तरी विषारी वायू असतो, पिल्लं झोपल्याजागी मरतात आणि त्या खोलीत माणूस झोपला तर त्यालाही धोका. करंट गेल्यावर पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये कडक पाणी भरा, झाकण घट्ट, गोणपाटात गुंडाळून पत्र्यात उभे करा. दोन-तीन तास ऊब राहते, मग पाणी बदला. वर अर्ध्या भागावर पोतं टाका, अर्धा उघडा. घरात इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-अवर) चांगली बॅटरी असेल तर दोन बल्ब आठ तास सहज चालतात.

आल्याबरोबर आधी पाणी, लिटरला मूठभर गूळ, चोच एकदा बुडवून दाखवा. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). ढुंगणाला विष्ठा चिकटून वाळली तर कोमट पाण्याच्या फडक्यानं भिजवून काढा, ओढू नका. बहुतेक वेळा कारण गारठाच असतो.

मलप्रभाकाठ
ठरलं, ४० बल्बखाली. मग या दोघींना गिरिराजाचीच अंडी ठेवली तर?

बुट्टीभर
उबतील, पण पुढची पिढी आईबापासारखी होत नाही, गिरिराजा संकर आहे. आणि गिरिराजा स्वतः सहसा खुडूक बसत नाही, तेव्हा या गावठी दोघी जपा. त्यांना गावठीच अंडी द्या: सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, दहा-दहा, दोघींना एकाच रात्री. खोल बुट्टीत तळाला माती, वर भाताचा पेंढा. निपाणीवाल्यांनो रागवू नका, पण उवांसाठी घरट्यात तंबाखूचा चुरा कुणी सांगितला तर टाकू नका. २१ दिवस त्यावर बसून निकोटीन तिच्याच अंगात जातं. शेजारी कोरडी वाळू आणि चाळलेली राख ठेवा, उठली की स्वतः लोळते. दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठून खाते, हगते, ते ठीक. सातव्या रात्री टॉर्चनं बघा, शिरा न दिसणारं अंडं काढा. अठराव्यापासून हात नको.

तूसमका
एक राहिलं. ती गावठी पिल्लं निघतील तेव्हा गिरिराजा दोन-तीन आठवड्यांची असतील. त्या पत्र्यात मिसळू नका, मोठी टोचून मारतील, आणि ऊबही दोघांना वेगवेगळी लागते. आईकडेच ठेवा, पहिले दहा दिवस आईला डालग्याखाली. पिल्लं फटीतून ये-जा करतात, घार उतरली की आत पळतात. रात्री मात्र सगळी खुराड्यात. मुंगसाला डालगं उलटायला वेळ लागत नाही.