१२३ पैकी एक, उघड्या टपाची ॲस्टन मार्टिन डीबी५ मोटार विकायला आहे. चालवायची की झाकून ठेवायची?

खडखड्या: मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. शेजारीच न्यूपोर्ट पॅग्नेल, जिथं टिकफर्ड स्ट्रीटवर ॲस्टन मार्टिनच्या गाड्या हातानं घडवल्या जात. परवा एका डीलरकडे तिथेच जन्मलेली डीबी५ कन्व्हर्टिबल विक्रीला बघितली. १९६३ ते १९६५ या काळात डीबी५ हजाराहून थोड्या जास्त निघाल्या, त्यात उघड्या टपाच्या फक्त १२३. किमतीची पाटी नाही. विचारावी लागते, म्हणजे आपण विचारायची नाही.

आत ३९९५ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर, २८२ अश्वशक्ती, पाच गिअर. दोघांनी मागे बॅगा टाकून थेट आल्प्स गाठावा म्हणून बनवलेली गाडी. आणि विक्रेता कौतुकानं सांगतोय, "पूर्ण नवी केल्यापासून चार वर्षांत दोनशे मैलसुद्धा चालवलेली नाही!" माझ्या मते हा छळ आहे. असली गाडी घेणाऱ्याकडून ती चालवण्याची लेखी हमी घ्यायला हवी.

हिशेबी: हमी कसली घेताय? पैसे त्याचे. शिवाय ब्रिटनमध्ये मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. का, तर कायद्याच्या लेखी मोटार ही झिजत जाणारी वस्तू. आता ज्याला बिनकराचा नफा हवाय तो ती झिजू देईल का? प्रत्येक मैल त्याच्या खिशातून जातो. मीही झाकूनच ठेवली असती.

खडखड्या: म्हणजे झिजते म्हणून करमाफी, आणि करमाफी आहे म्हणून झिजू द्यायची नाही. वा!

पत्रेवाला: जुन्या गाड्यांचं काम करतो म्हणून लिहितो. उभी गाडी जपली जात नाही, कुजते. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकून चिकट होतं, ब्रेकची रबरं आखडतात, वॉटर पंपाचं सील सुकतं. त्यात या गाडीचा सांगाडा पोलादी आणि वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. दोन्ही जिथं टेकतात तिथं ओल धरली की ॲल्युमिनियम आतून पांढरी भुकटी होऊन जातं, वर रंगाला फक्त बारीक फोड दिसतात. दर पंधरा दिवसांनी गाडी नीट तापेपर्यंत तीस-चाळीस मैल फिरवली पाहिजे. नुसतं सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं सगळ्यात वाईट.

आणि 'पूर्ण नवी केलेली' म्हटलं की मी आधी चेसिस नंबर बघतो. कन्व्हर्टिबलच्या नंबरात 'डीबी५सी' असतं. बंद टपाच्या गाडीचं छप्पर कापून 'दुर्मिळ' केलेले नगही बाजारात आहेत. अस्सल असली तरी किती अस्सल? आमच्या शनिवारातल्या वाड्याचं जोतं तेवढं जुनं उरलंय, वर सहा मजले. पाटी मात्र 'वाडा'च.

नाना_फटकळ: जेम्स बाँडची गाडी म्हणून एवढी हवा! १९६४च्या 'गोल्डफिंगर' सिनेमातली तर बंद टपाची होती. आणि 'डीबी' म्हणजे डेव्हिड ब्राउन, ट्रॅक्टर बनवणारा माणूस. १९४७ साली त्यानं ही कंपनी घेतली. त्याचा ट्रॅक्टर निदान शेत तरी नांगरायचा. श्रीमंतांच्या खेळण्याचं तुम्हाला कसलं सुतक?

खडखड्या: नाना, ट्रॅक्टर आजही चालतोय म्हणून तर त्याच्याबद्दल धागा निघत नाही.

व्होल्टमामा: बॅटरी घाला, प्रश्न मिटला. रोज चालवा. खुद्द ॲस्टन मार्टिननं २०१८ मध्ये १९७०च्या डीबी६ व्होलांटेत, म्हणजे डीबी५नंतरच्या मॉडेलच्या उघड्या टपाच्या गाडीत, विजेची यंत्रणा बसवून दाखवली होती. नको झाली की काढून जुनं इंजिन परत बसवता येईल अशी.

पत्रेवाला: मामा, तिचं इंजिनच काढलंत तर उरलं काय? जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा अशा गाडीला ऐतिहासिक मानत नाही. गरजही नाही. चाळीस वर्षांवरच्या ऐतिहासिक गाड्यांना लंडनचा प्रदूषण आकारही लागत नाही. चार्ल्स राजाची डीबी६ तर इंग्लिश वाइन आणि चीजची निवळी यांपासून काढलेल्या इथेनॉलवर पळते. २०११ मध्ये लग्नाच्या दिवशी विल्यमनं नवरीला घेऊन तीच चालवली.

हिशेबी: राजाला परत विकायची नसते हो. तिथंच तर फरक पडतो.

खडखड्या: आज परत गेलो होतो. धीर करून विचारलं, एक चक्कर मारता येईल का? हो म्हणाला, कोरडा रस्ता असेल त्या दिवशी. आठवड्याचा अंदाज उघडून दाखवला, सातही दिवस ढग. चेसिस नंबर तेवढा बघून आलो. पत्रेवाले, 'सी' आहे.

पत्रेवाला: मग दाराचा पत्रा बघून या. चुंबक न्या बरोबर. चिकटलं तर तिथं ॲल्युमिनियम नाही.