कोन फिल्टर बसवल्यापासून १०० सीसी गाडी अर्ध्या रेसला अडखळते

प्रश्न

बाबांची जुनी १०० सीसी, कार्ब्युरेटरवाली गाडी दोन वर्षं मीच घरी बघते. ऑइल, प्लग, चेन, ब्रेक शू इथपर्यंत हात बसलाय. मागच्या महिन्यात हौसेनं मूळ एअर फिल्टरचा डबा काढला आणि कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूसारखा उघडा) लावला. तेव्हापासून अर्धी रेस दिली की गाडी क्षणभर दम धरते, मग एकदम उचलते. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट. स्लो (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) तर कधी नीट असतो, कधी आपोआप चढतो. प्लग काढून पाहिला, पांढुरका आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडत असावं. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) किती नंबरनं वाढवू? मला चढावर थोडा जास्त जोर आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं शांत इंजिन हवंय, एवढंच. जुना डबा जपून ठेवलाय.

पहिलं उत्तर

कोन फिल्टर लावल्यावर जेट वाढवावाच लागतो. एकदोन नंबरनं मोठा टाका, चालवून प्लगचा रंग बघा.

दुसरं उत्तर

मी म्हणेन, जेटला अजून हात लावू नका. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळे आजार दिसतात.

अर्ध्या रेसचं अडखळणं फिल्टरमुळे असू शकतं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीनं जेटमधलं पेट्रोल वर येतं. मूळ डब्यामुळे ती ओढ ठरावीक राहते, आणि जेट त्याच हिशोबानं निवडलेला असतो. डबा गेला की ओढ कमी होते, पेट्रोल कमी पडतं. खात्री करायची असेल तर अर्ध्या रेसला चालवताना चोक किंचित ओढा. अडखळणं कमी झालं तर पेट्रोलच कमी पडतंय.

पण अर्ध्या रेसला मेन जेटचं राज्य नसतं. साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंत सुई (रेसबरोबर वर सरकून पेट्रोलची वाट मोकळी करणारी) काम करते, मेन जेट खऱ्या अर्थानं त्याच्या पुढे. हँडलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर कागदी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे गाडी नक्की कुठे अडखळते ते कळेल. मी प्रत्येक गाडीवर हे करतो. अंदाजानं ‘अर्धी’ म्हणतो ती पुष्कळदा पावच निघते. सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या. सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं.

आता दुसरा आजार. स्लो कधी नीट, कधी चढलेला, हे फिल्टरचं काम नाही. फिल्टर कालही तोच होता, आजही तोच आहे, त्याचा दोष रोज सारखाच दिसला पाहिजे. मला कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी रिंगचा संशय आहे. डबा काढताना कार्ब्युरेटर हलवलाच असणार. गाडी स्लोला ठेवून त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथून हवा शिरतेय. पेट्रोल किंवा क्लीनर गरम इंजिनावर चुकूनही मारू नका.

आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट ठरवणारे स्क्रू) शेवटचे कधी बघितले?

प्रश्न विचारणारी

टॅपेट कधीच नाही. वाजत नाहीत, म्हणून उघडले नाहीत.

दुसरं उत्तर

न वाजणाऱ्या टॅपेटचीच मला जास्त काळजी वाटते. सैल टॅपेट टकटक करून सांगतो तरी. घट्ट झालेला गप्प असतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन उतरतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. प्लग काढा, मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं उघडा, पान्यानं इंजिन फिरवत ‘टी’ची रेघ खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटानं हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजची (फट मोजायची पातळ) पट्टी अशी सरकली पाहिजे, जसं मिटलेल्या वहीतून एक पान हळू ओढतोय. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना माप हमखास सरकतं. माप तुमच्या गाडीच्या पुस्तकातलंच धरा.

प्रश्न विचारणारी

पुस्तकात दोन्ही टॅपेटना ०.०५ मिमी दिलंय. एक्झॉस्ट बरोबर होता. इनटेकमध्ये ०.०५ची पट्टी शिरेचना! तीनदा लावला, तीनदा आवळताना सरकला, चौथ्यांदा बसला. फवारा मारल्याबरोबर स्लो पडला. कार्ब्युरेटर काढला तर रिंग एका बाजूला चपटी झालेली आणि तिथेच नखाएवढी चीर. मी बसवतानाच ती खाचेतून निसटून दोन्ही पत्र्यांत चेंगरली असणार. नवी रिंग बसवली आणि मूळ डबाही परत लावला. स्लो आता जागचा हलत नाही, फटफट बंद, अडखळणं गेलं. शंभर किलोमीटरनंतर प्लग फिकट तपकिरी आहे.

आता चढावरचा जोर आणि शांत इंजिन, त्याचं काय?

दुसरं उत्तर

फार छान काम केलंत. रिंग बदलून डबाही परत लावलात, हे मला विशेष आवडलं.

त्या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दात्यांचं आणि मागचं ४२चं असेल तर प्रमाण ३.० होतं. पुढे १५चं लावलं तर २.८. त्याच वेगाला इंजिन सुमारे ७ टक्के कमी फिरेल, पण चढावरचा जोरही तेवढाच कमी होईल. १३चं लावलं तर उलटं. आधी चेन मोजा. ती ४२८ची असेल तर ताणून धरलेल्या २० कड्या नव्या चेनला २५४ मिमी भरतात. २५९च्या पुढे गेली असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. ताणलेली चेन नव्या दात्यांची लगेच वाट लावते.

प्रश्न विचारणारी

आताच मोजली, २५६ आहे. मला चढच जास्त लागतात, त्यामुळे १४ दात्यांचंच ठेवते. चेन रॉकेलनं धुवून सुकायला टांगलीय. लॉकची (चेन जोडणाऱ्या क्लिपची) बंद बाजू चेनच्या चालीच्या दिशेला ठेवायची, हे मात्र आधीपासून पाठ आहे.