चुकीची माहिती, दिशाभूल की खोटी साक्ष?

प्रश्न : अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे एखादा सरकारी अधिकारी खरं बोलला नाही, की मराठी बातम्यांत कुणी ‘चुकीची माहिती दिली’ लिहितं, कुणी ‘दिशाभूल केली’, तर कुणी ‘खोटी साक्ष दिली’. तिन्ही एकाच अर्थानं चालतील का? आणि या गुन्ह्याला ‘शपथभंग’ म्हणावं का?

प्रतिसाद : मुळीच चालू नयेत. ‘चुकीची’ म्हटलं की चूक झाली, इतकंच कळतं. आकडा हुकला असेल, कागद जुना असेल. ‘खोटी’ म्हटलं की बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं. गुन्हा ठरतो तो या ठाऊक असण्यावरच.

जेम्स क्लॅपर यांचं उदाहरण बघा. ते राष्ट्रीय गुप्तचर संचालक होते. १२ मार्च २०१३ रोजी सिनेटच्या समितीत सिनेटर रॉन वायडन यांनी त्यांना विचारलं, एनएसए ही गुप्तचर संस्था कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का? उत्तर आलं, ‘नाही’. आणि पाठोपाठ, ‘जाणूनबुजून नाही’. हा प्रश्न येणार हे वायडन यांच्या कार्यालयानं आदल्या दिवशीच कळवलं होतं. जूनमध्ये एनएसएचे कंत्राटी कर्मचारी राहिलेले एडवर्ड स्नोडेन यांनी तिची गुप्त कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा फोनच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या हे उघड झालं. मग क्लॅपर यांनी समितीला पत्र लिहिलं, त्यात आपलं उत्तर ‘चुकीचं’ होतं असं म्हटलं. म्हणजे ‘चुकीचं’ हा त्यांच्या बचावातला शब्द. बातमीदारानं तोच आपल्या वाक्यात घेतला, तर त्यानं नकळत एक बाजू घेतली. मला हे फार खटकतं.

प्रतिसाद : मान्य, पण क्लॅपर यांच्यावर खटला कधीच भरला गेला नाही. तेव्हा ‘खोटी साक्ष दिल्याचा आरोप’ असंच लिहावं लागेल. थेट ‘खोटी साक्ष दिली’ म्हणणं हा निवाडा झाला.

प्रतिसाद : बरोबर. ‘दिशाभूल’ मात्र वेगळी आहे. त्यात प्रत्येक शब्द खरा असू शकतो. सॅम्युअल ब्रॉन्स्टन या चित्रपट निर्मात्याला दिवाळखोरीच्या सुनावणीत विचारलं, स्विस बँकेत तुमचं खातं कधी होतं का? तो म्हणाला, कंपनीचं होतं, सहाएक महिने, झुरिकमध्ये. हे खरंच होतं. स्वतःचंही खातं होतं, ते त्यानं सांगितलंच नाही. १९७३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ही खोटी साक्ष नव्हे असा निकाल दिला; उत्तर निसटतंय हे दिसल्यावर प्रश्न विचारणाऱ्यानंच ते पकडायला हवं होतं. समितीत खोदून विचारणारा सदस्य का लागतो, ते यावरून कळतं.

आणखी एक प्रकार राहिला : हातचं राखून साक्ष देणं. सीआयएचे माजी प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी चिलीतल्या कारवायांबद्दल सिनेटला पूर्ण सांगितलं नाही. १९७७ मध्ये त्यांच्यावर ठेवलेला आरोप खोटं बोलल्याचा नव्हता, पूर्ण आणि अचूक साक्ष न दिल्याचा होता. २,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित कैद, एवढ्यावर ते सुटले. याला ‘अपुरी साक्ष’ म्हणणं मवाळ वाटतं. ‘माहिती दडवली’ हे नेमकं.

‘शपथभंग’ मी टाळेन. मराठीत त्यानं घेतलेली प्रतिज्ञा मोडणं आधी आठवतं. शिवाय अमेरिकेत समितीच्या चौकशीत शपथ न घेताही जाणून खोटं सांगणं गुन्हाच आहे. ‘खोटी साक्ष’ पुरे. साक्ष हा शब्द इथं उपरा नाही. आपल्या विधिमंडळ समित्यांच्या अहवालांतही सचिवांची ‘साक्ष’च असते.

प्रश्नकर्ता : आभार. मग अशा अधिकाऱ्याला ‘जबाबदार धरणं’ आणि ‘जाब विचारणं’ यांत फरक करावा का?

प्रतिसाद : करावाच. जाब विचारला की उत्तर मागितलं, एवढंच होतं. जबाबदार धरलं की त्यापुढे काही भोगावं लागतं. क्लॅपर यांना जाब विचारला गेला, वायडन यांनी तो जाहीरपणे विचारला. खटल्याची पाच वर्षांची मुदत मार्च २०१८ मध्ये उलटली, म्हणून त्यांच्या बाबतीत दुसरं क्रियापद वापरता येत नाही.