मदत हवी आहे : भुसावळच्या चर्चच्या जुन्या नोंदी

नमस्कार मंडळी,

मी भुसावळचा. आजोबा रेल्वेत फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे) होते, त्यामुळे आमचं घर रेल्वे कॉलनीतलं आणि चर्चही तिथलंच. फादरांनी आमच्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या भाविकसमुदायाचा) इतिहास लिहायचं काम माझ्यावर सोपवलं आहे.

बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर हातात घेतलं आणि अडलो. सगळं लॅटिनमध्ये. ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘पात्रिनी’ म्हणजे धर्म-मातापिता, एवढं कळलं. पण नावंही लॅटिन वळणाची! जोआनेस म्हणजे आपला जॉन की गोव्याकडचा जुवाव? समासात बारीक अक्षरात पुढे झालेल्या लग्नाची नोंद असते. एका पानावर ती शाई इतकी फिकी झालीय की उन्हात धरूनही गावाचं नाव लागत नाही. असं हस्ताक्षर वाचू शकणारं कोणी आहे का?

दुसरं, १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशातून) नाशिक वेगळा झाला. त्याआधीचा आमच्या चर्चचा पत्रव्यवहार पुण्यात कोणाकडे मागावा, अर्ज कसा करावा?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसं. गोव्याचे ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन गार्ड, नगरकडची मराठी कुटुंबं एकाच बाकावर बसायची. लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) जाऊन मराठी आली तो काळ आठवणारी मंडळी आता थोडीच उरली आहेत. नाताळच्या मिस्सानंतर आवारात वांगी भाजून भरीत व्हायचं, त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. बदली होऊन गेलेल्या कुणाच्या ट्रंकेत असेल तर कृपया कळवा. मोबाईलवर काढलेली प्रतही चालेल.